पाठ टेकायला जागा

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे सुटलं ते इथे घातलं आहे आणि जे जास्त झालं ते काढलं आहे.)



कार्यकारिणीचा फोन आला की या वर्षी तुम्ही दोघांनी दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आहे, तेव्हा आम्ही आधी चक्क नाही म्हणालो. आम्ही खुर्च्या लावणारी माणसं. गणपतीत मोदक वळायचे, दिवाळीला पार्किंग सांभाळायचं, नाटकाच्या दिवशी चहाचा थर्मास भरायचा, एवढंच आमचं सांस्कृतिक कार्य. पण पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही ती एअरपोर्टची गोष्ट सांगा ना, पॉटलकला सांगितली होतीत ती."

ती गोष्ट पॉटलकला आम्ही सांगितली होती, पण निम्मीच. हसण्याचा भाग सांगितला आणि उरलेला पोटात ठेवला. आज जो निधी आपण गोळा करतोय त्याचा त्या उरलेल्या भागाशी संबंध आहे, म्हणून आज पूर्ण सांगतो. बोलताना आम्ही सारखं "आई-आप्पा" म्हणू. ते आमच्यापैकी एकाचे आई-वडील आणि दुसरीचे सासू-सासरे. पण घरात ते आता दोघांचेही आई-आप्पाच आहेत, त्यामुळे कोण कुणाचं हे विचारू नका.

२०१९ सालची गोष्ट. आई-आप्पांच्या लग्नाला त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. साताऱ्याला हॉल घेऊन जेवणावळ घालायची, तर आप्पांना तो खर्च पटेना. मग आम्ही दोघांनी ठरवलं की त्यांना इकडे बोलवायचं आणि मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये कॅरिबियनची सात रात्रींची क्रूझ करायची. आप्पांना हे कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "बोटीनं? मी रत्नागिरीची बोट बघितलीय, लोक ओकत असतात." त्यांना फोटो पाठवले. चौदा-पंधरा मजली जहाज, आत नाटकघर, पोहण्याचे तलाव. आप्पांनी उत्तर दिलं, "ही बोट नव्हे, ही पंचायत समितीची इमारत पाण्यात सोडलीय."

असो. तर शुक्रवारी दुपारी चारला शिकागोहून निघायचं, रात्री आठच्या सुमाराला फोर्ट लॉडरडेलला उतरायचं, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात झोपायचं आणि शनिवारी आरामात जहाजावर जायचं, असा आमचा बेत होता. हॉटेल आधीच बुक केलेलं, शटलसकट. सगळं एक्सेलच्या शीटमध्ये लिहिलेलं. आपण मराठी माणसं नाटकाला उशिरा जाऊ, पण प्रवासाची यादी तीन महिने आधी करतो.

ज्यांनी अजून क्रूझ केली नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. आदल्या दिवशी त्या गावात पोचायचं, ही चैन नव्हे. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, जहाज चुकलं की चुकलं. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी दारं बंद होतात, कारण प्रवाशांची शेवटची यादी सरकारी खात्याकडे जावी लागते. मग तुम्ही धक्क्यावर उभे आणि तुमची खोली तुमच्या देखत समुद्रात चाललेली. पुढच्या बंदरात गाठायचं म्हटलं, तर ते बंदर बहुतेक दुसऱ्या देशाच्या बेटावर असतं. तिथवर स्वतःच्या खर्चाने विमान, त्या देशात उतरायची कागदपत्रं आणि शिवाय जहाज कंपनीची परवानगी हे सगळं बघावं लागतं. आई-आप्पांचे भारतीय पासपोर्ट. त्यांचे अमेरिकेचे व्हिसा मल्टिपल एंट्रीचे आहेत ना, हे आम्ही तीनदा उघडून बघितलं होतं. म्हणून आदल्या दिवशी.

पण त्या शुक्रवारी आमचं विमान ज्या गावाहून शिकागोला यायचं होतं तिथूनच ते निघालं नाही. चारचे पाच झाले, पाचचे सात झाले. गेट दोनदा बदललं. साडेआठला एकदाचं उड्डाण झालं. फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे, त्यामुळे उतरलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. पट्ट्यावरून सहा बॅगा उचलल्या आणि हॉटेलला फोन लावला. फोनवरचा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला की शटल रात्री बाराला बंद होतं, आणि तुम्ही न आल्यामुळे तुमच्या खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या आहेत. आम्ही उशीर होतोय हे कळवायला हवं होतं, ते त्या गडबडीत राहून गेलं. चूक आमचीही होती.

स्प्रिंग ब्रेकमधला फोर्ट लॉडरडेल म्हणजे आषाढीतलं पंढरपूर. एकामागून एक हॉटेलं फोनवर शोधली. भरलेली, भरलेली, भरलेली. एका ठिकाणी दोन खोल्या होत्या, प्रत्येकी तीनशे चाळीस डॉलर. सहा माणसांना दोन लागणारच. म्हणजे सहाशे ऐंशी, वर टॅक्स, वर टॅक्सी. तेही किती वेळासाठी? पहाटे दोनला पोचणार आणि सकाळी नऊला निघणार.

इथे आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. संसाराला पंधरा वर्षं झाली की असं बघणं पुरतं, बोलावं लागत नाही. आमच्यापैकी एक म्हणाला, "पाच-सहा तासांचाच तर प्रश्न आहे." दुसरी म्हणाली, "इथून पोर्ट दहा मिनिटांवर आहे." आणि आप्पा, ज्यांना डॉलरला सत्तरने गुणायची सवय होती, ते म्हणाले, "सत्तेचाळीस हजार रुपये झोपायला? मी इथंच बसतो, मला काय झालंय?"

झालं. ठरलं. आज सगळ्यांसमोर कबूल करतो, ती रक्कम आम्हांला परवडत नव्हती असं नाही. क्रूझवर आम्ही त्याच्या कितीतरी पट खर्च केला. पण सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना आम्ही रात्रभर एअरपोर्टवर बसवलं ते पैसे वाचवायला. आप्पा हो म्हणाले हे कारण आम्ही स्वतःला नंतर बऱ्याच वेळा सांगितलं. ते काही खरं नाही. आप्पा नेहमीच हो म्हणणार होते.

आता एअरपोर्टवर रात्र काढायची म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण आमच्यानंतर ही पाळी तुमच्यावर येऊ शकते. रात्री सिक्युरिटी बंद होते, त्यामुळे आत, जिथे बऱ्यापैकी खुर्च्या आणि दुकानं असतात, तिथे तुम्हांला जाता येत नाही. तुम्ही बाहेरच्या भागात, चेक-इनच्या काउंटरांसमोर. तिथल्या खुर्च्यांना मध्ये-मध्ये लोखंडी हात बसवलेले, म्हणजे बसता येईल पण आडवं होता येणार नाही. खायची दुकानं बंद. दिवे मात्र लखलखीत. एसी तर असा की बाहेर फ्लोरिडा आणि आत आपला जानेवारी. आणि दर दहा मिनिटांनी तीच रेकॉर्ड केलेली बाई सांगणार, आपलं सामान सोडून जाऊ नका. आमचा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा, तो तिच्याबरोबर म्हणायला लागला.

जगात याहून मोठे वस्ताद होऊन गेलेत म्हणा. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर मेहरान करिमी नासेरी नावाचे इराणी गृहस्थ कागदपत्रांच्या घोळात अडकले आणि १९८८ पासून २००६ पर्यंत तिथेच राहिले. २००४ साली आलेल्या 'द टर्मिनल' सिनेमाला त्यांचीच गोष्ट निमित्त झाली. त्यांनी अठरा वर्षं काढली, आपल्याला सहा तास जमत नाहीत? असं म्हणून आम्ही मुलांना हसवलं.

मग आईने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, डिंकाचे लाडू. क्रूझवर घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत, हे आम्ही आईला महिनाभर सांगत होतो. ती म्हणाली होती, "असू दे, वाटेत लागतं." शेजारच्या खुर्चीवरच्या दोन कॉलेजच्या मुलांनाही तिने लाडू दिले. त्यांनी तो काय पदार्थ आहे हे न विचारता खाल्ला. भूक सगळ्यांची सारखीच.

इथवर पॉटलकला सांगितलं होतं. आता पुढचं.

दीडच्या सुमाराला मुलं पेंगायला लागली. आम्ही खुर्च्या कशा जोडाव्यात याचा विचार करत होतो. तेवढ्यात आईने काय केलं, क्रूझसाठी घेतलेले दोन मोठे बीच टॉवेल बॅगेतून काढले, भिंतीकडेला फरशीवर एकाला एक लावून अंथरले, आणि सगळ्या बॅगा डोक्याच्या बाजूला ओळीने ठेवून एक आडोसा केला. स्वतःच्या चपला पिशवीत घालून ती पिशवी उशाला घेतली. पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला. मुलांना मध्ये घेतलं, अंगावर शाल ओढली आणि आम्हांला म्हणाली, "दोघंही झोपू नका. एकानं झोपायचं, एकानं जागायचं. तीनला पाळी बदला."

आमची लेक तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती म्हणाली, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?"

आई म्हणाली, "शिकले होते एकदा." आणि कुशीवर वळली.

आप्पा मात्र खाली झोपायला तयार नव्हते. गुडघे दुखतात, उठता येणार नाही म्हणाले. खुर्चीतच बसून राहिले.

अडीच वाजले असतील. जागायची पाळी होती ती व्यक्ती आप्पांकडे बघत होती, पण बघूनही तिला कळत नव्हतं. आप्पा घामाने भिजले होते. एवढ्या गारठ्यात घाम? हाक मारली तर "हं" म्हणाले, पण कुठेतरी दुसरीकडेच बघत. हात थरथरत होते. "आप्पा, आपण कुठं आहोत?" विचारलं, तर म्हणाले, "कराडच्या स्टँडवर."

आप्पांना वीस वर्षांचा डायबेटिस. नेहमीच्या वेळेला, म्हणजे शिकागोत रात्री आठला, त्यांनी इन्शुलिन घेतलं होतं, कारण विमानात जेवू असं त्यांना वाटलं. विमानात खारी बिस्किटं मिळाली, ती त्यांनी खाल्ली नाहीत, झोपले. फ्लोरिडात डबा उघडला तेव्हा "इतक्या रात्री नको" म्हणून अर्धी दशमी खाल्ली. इन्शुलिनचं काम मात्र थांबत नाही. साखर उतरत चालली होती. आणि हे मोजायचं यंत्र? ते मोठ्या बॅगेत, तळाशी. ती बॅग आईच्या आडोशाच्या भिंतीत.

आमच्यापैकी एक जण बॅगा उपसायला लागला. दुसरी कोल्ड्रिंकच्या मशीनकडे धावली. मशीन तिची नोट घेईना. सरळ केली, उलटी केली, मशीन जीभ दाखवल्यासारखी ती परत बाहेर काढायचं. कार्ड घालायची सोय बंद पडलेली. आम्ही तुम्हांला खरं सांगतो, तो आवाज, नोट परत येतानाचा, आजही कानात आहे.

तिथे फरशी पुसण्याचं यंत्र चालवणारी एक बाई होती. पन्नाशीची असेल. ती बराच वेळ आमच्याकडे बघत असणार, कारण तिने यंत्र बंद केलं, आपल्या ढकलगाडीवरून जेवणाची पिशवी काढली आणि त्यातलं संत्र्याच्या रसाचं छोटं खोकं काढून, स्ट्रॉ स्वतः टोचून, आप्पांच्या तोंडाला लावलं. तिने आम्हांला काही विचारलं नाही. फक्त एक शब्द बोलली, "शुगर." मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, "माय मदर."

डॉक्टर मंडळी इथे बसली आहेत, ती सांगतील. साखर उतरली तर पंधरा ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे अर्धा कप रस, आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. माणूस शुद्धीवर आणि गिळता येत असेल तरच, नाहीतर ९११. आम्हांला हे माहीत होतं. कागदावर लिहिलेलंही होतं. पण माहीत असणं आणि हातात रसाचं खोकं असणं यात फरक आहे. यंत्र सापडलं तेव्हा आप्पांची साखर ५४ होती, आणि तीही थोडा रस पोटात गेल्यावर. पंधरा मिनिटांनी ८१. मग आईने डिंकाचा लाडू भरवला. आप्पांनी इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, "सगळे उठून का बसलाय?"

आम्ही त्या बाईला वीस डॉलर द्यायला गेलो. तिने आमची मूठ मिटवून परत आमच्याकडे ढकलली. आपण हैतीची आहोत एवढं सांगितलं. तिने आप्पांना हाताला धरून कोपऱ्यातल्या एका बाकाकडे नेलं, ज्याला मधले हात नव्हते आणि ज्यावर एसी थेट येत नव्हता. ती जागा तिथल्या काम करणाऱ्यांनाच माहीत असणार. आप्पा आडवे झाले. ती परत आपल्या यंत्राकडे गेली आणि आमच्या बाजूची फरशी तिने शेवटपर्यंत पुसली नाही. लांबून वळसा घालून गेली. मुलं झोपली होती ना, म्हणून.

आई तिच्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "मला अशीच एक भेटली होती."

आणि त्या रात्री, तीन ते चारच्या दरम्यान, आईने आम्हांला जे सांगितलं ते तिने पंचेचाळीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

१९७४ साली आईचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, रक्ताच्या कॅन्सरने आजारी होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. आमची आजी घर सोडू शकत नव्हती, म्हणून आई आणि तिचे वडील त्याला घेऊन गेले. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला दाखल केलं. उपचार चांगले झाले, डॉक्टर जीव तोडून करत होते, असं आई आजही म्हणते. पण वॉर्डात रात्री पेशंटबरोबर फार माणसं राहू देत नसत. लालबागला एक नातेवाईक होते, चाळीत. दहा बाय दहाची खोली, त्यात आधीच नऊ माणसं. दोन रात्री त्यांनी ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण आईच्या वडिलांना कळलं. त्यांनी वळकटी उचलली.

त्यानंतरच्या सतरा रात्री आई आणि तिचे वडील हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर झोपले.

पहिल्या रात्री आई झोपलीच नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, आयुष्यात कधी उघड्यावर झोपलेली नाही. तिथे सोलापूरकडची एक बाई होती, तिचा नवरा आत होता आणि तिला तिथे दोन महिने झाले होते. तिने आपल्या चटईचा अर्धा भाग मोकळा केला आणि म्हणाली, इथं ये. चपला उशाला घे, नाहीतर सकाळी नसतील. पैशाची पिशवी हाताला बांध. एकानं झोपायचं, एकानं जागायचं. पहाटे चारला झाडूवाला येतो, त्याच्या आधी सगळं गोळा करून ठेव, नाहीतर पाण्यात जाईल. संडासला स्टेशनवर जायचं, दोघी-दोघींनी, एकटीनं नाही.

आई म्हणाली, "इथं काय, दिवे आहेत, संडास आहे, डोक्यावर छप्पर आहे. नि कुणी उठ म्हणत नाही. मला तर बरं वाटलं झोपायला."

मामा गेला. अठराव्या दिवशी सकाळी. आई आणि तिचे वडील तेव्हा फुटपाथवर अंथरूण गुंडाळत होते.

आप्पा बाकावर आडवे होते, आम्हांला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? मला तर म्हणालीस, लालबागला उतरलो होतो."

आई म्हणाली, "सांगून काय करणार होता? तुमचा पगार तीनशे रुपये. नि लालबागच्या माणसांना लोकांनी नावं ठेवली असती. त्यांच्याकडं तरी जागा कुठं होती?"

आप्पा काही बोलले नाहीत.

साडेतीन-चारला चेक-इनचे काउंटर उघडले. रांगा लागल्या, चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू झाला. आईने काही न बोलता टॉवेल झटकले, घडी केली, आणि आपण झोपलो होतो ती जागा पेपर नॅपकिनने पुसून घेतली. सहाला कॉफी मिळाली. साडेदहाला टॅक्सीने पोर्ट एव्हरग्लेड्सला गेलो. खरंच दहा मिनिटं लागली.

क्रूझचं फार सांगत नाही. ते फोटो फेसबुकवर तुम्ही बघितलेत, लाइकही केलेत. दोनच गोष्टी. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते, कुठल्या जागी जमायचं, जॅकेट कसं घालायचं. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर हे नियम आले. आप्पांनी एरवी अशा गोष्टींत चेष्टा केली असती. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या माणसाला विचारून आईच्या जागेचा नंबर पाठ केला. आणि दुसरी, जहाज खाडीतून समुद्राकडे निघालं की काठावरच्या उंच इमारतींतले लोक गॅलरीत येऊन हात हलवतात. ओळख ना पाळख. आईने त्या प्रत्येकाला परत हात केला, शेवटची इमारत मागे पडेपर्यंत.

आता आपण इथे का जमलोय ते.

तुमच्या हातातल्या या पुस्तिकेत पान दोनवर माहिती आहेच. मुंबईत उपचारांसाठी गावाहून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना राहायला जागा, यासाठी आपला या वर्षीचा निधी आहे. मुंबईला गेलात तर परळला रात्री एकदा चक्कर मारून या. १९७४ सालचं आम्ही आईच्या तोंडून ऐकलं. पण २०२० च्या आधी आणि नंतरही आम्ही स्वतः तिथे गेलो, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली झोपलेली कुटुंबं आम्ही बघितली. चांगले उपचार मोजक्या शहरांत, आणि माणसं विदर्भापासून बिहारपर्यंतची. उपचार एका दिवसात संपत नाहीत. केमोथेरपी म्हणजे महिनोन् महिने ये-जा. औषधाला कुठूनतरी मदत मिळते, ट्रस्ट असतात, सरकारी योजना असतात. पण रात्रीची झोप कुठल्याच बिलात लिहिलेली नसते, म्हणून तिच्यासाठी मदतही कुणाला सुचत नाही.

आपल्याकडे ज्याला हे सुचलं तो माणूस स्वतः जवळ मडक्याचा तुकडा आणि हातात खराटा घेऊन फिरला. गाडगेबाबा, १८७६ ते १९५६. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कॅन्सरच्या पेशंटांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. ज्याला शाळा मिळाली नाही त्या माणसाला कळलं की देवाच्या गावाला आलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते. हॉस्पिटलच्या गावाला आलेल्यालाही तीच लागते.

आणि हे काम गावं करू शकतात, ही केवळ भाबडी कल्पना नव्हे. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा कॅनडातल्या गँडर या दहाएक हजार वस्तीच्या गावी ३८ प्रवासी विमानं उतरवली गेली. साडेसहा हजारांहून जास्त माणसं. गावाने शाळा, चर्च, क्लबचे हॉल उघडले. स्कूलबसचे ड्रायव्हर संपावर होते, ते संप सोडून गाड्या चालवायला आले. काही दिवस त्या माणसांना अंथरूण, अंघोळ, जेवण मिळालं. त्यांच्याकडे जास्तीची हॉटेलं नव्हती. होतं ते त्यांनी मोकळं केलं, सोलापूरच्या त्या बाईने चटईचा अर्धा भाग केला तसं.

आमची एक रात्र आणि आईच्या सतरा रात्री यांची तुलना आम्ही करत नाही. करू नये. आमच्या खिशात क्रेडिट कार्ड होतं आणि सकाळी जहाज होतं. आम्ही गंमत म्हणून, कंजूषपणा म्हणून तिथे होतो, आणि तरीसुद्धा अडीच वाजता एका रसाच्या खोक्यासाठी आम्ही पूर्णपणे एका अनोळखी बाईवर अवलंबून होतो. ज्यांच्याकडे कार्डही नाही आणि सकाळी जहाजही नाही, ते कुणावर अवलंबून असतील, एवढंच त्या रात्रीने आम्हांला विचारायला लावलं.

त्या हैतीच्या बाईचं नाव आम्ही विचारलं नाही. परत येताना त्याच एअरपोर्टवर तिला शोधलं, पण ती दिवसा नसते. सोलापूरच्या बाईचं नाव आईला आठवत नाही. तिचा नवरा बरा झाला का, तेही आईला कळलं नाही. म्हणजे दोन्ही उधाऱ्या बाकीच राहिल्या.

आई आता सत्तरीच्या पुढच्या बाजूला आहे, साताऱ्याला असते. या कार्यक्रमात ही गोष्ट सांगू का, म्हणून आम्ही फोनवर विचारलं. लालबागचं नातं निघेल का, ही तिची पहिली काळजी. नाव घेणार नाही म्हटल्यावर म्हणाली, "सांगा मग. आणि चटया जाड घ्यायला सांगा. फरशी फार गार असते."

चेकचं पाकीट या पुस्तिकेच्या शेवटच्या पानाला चिकटवलेलं आहे. आम्ही आमचं मघाशीच पेटीत टाकलं. रक्कम सांगायची नसते, पण आज सांगतो, कारण ती आमची नाहीच. सहाशे ऐंशी डॉलर. त्या रात्री आम्ही वाचवले होते ते.

आणि मागे चहा तयार आहे. आज तो आम्ही केलेला नाही, तेव्हा चांगला असेल.